दगडावर तिरका उजेड

गेल्या हिवाळ्यात पिंपळवंडीचे एक गुरुजी मला भेटायला आले. पिंपळवंडी म्हणजे आपल्या जुन्नर तालुक्यातले, नारायणगाव-आळेफाटा टापूतले गाव. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि एका दगडाचा फोटो दाखवला. फोटोत होता एक पांढुरका, सपाट धोंडा. गुरुजी म्हणाले, "सर, यावर घोडेस्वार आहे. खाली काहीतरी लिहिलेलं आहे. संध्याकाळी बॅटरी आडवी धरली की दिसतं. पण फोटोत येतच नाही. मी शाळेच्या मदतीनं चांगला फ्लॅश घेतो म्हणतोय. कोणता घेऊ?"

दगड कुठला, ते येथे मुद्दामच सांगत नाही. गुप्तधनाच्या आशेने असले दगड उलथणारी माणसे अजून आहेत. पण गुरुजींचा प्रश्न अनेकांचा आहे, म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

बायका शेणाने जमीन सारवतात. त्यातली बोटांची वळणे भर दुपारी दिसतात का? नाही. तीच संध्याकाळी, दारातून उन्हाची तिरीप आत आली की एकेक वळण उठून दिसते. चंद्राचेही तसेच. पौर्णिमेला सूर्याचा प्रकाश चंद्रावर समोरून पडतो, म्हणून दुर्बिणीतूनही तो सपाट थाळीसारखा वाटतो. अष्टमीला मात्र उजेड-अंधाराच्या सीमेवरचे खड्डे स्पष्ट दिसतात. खाचखळगा दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. मोबाइलचा किंवा कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असतो. तो पाडतो ती सावली त्या खाचेच्या आडच राहते, आपल्याला दिसत नाही. म्हणून गुरुजींना मी पहिले सांगितले ते हे, की फ्लॅश महाग घेऊन उपयोग नाही. तो कॅमेऱ्यापासून काढून बाजूला, दगडाला जवळजवळ घासून उजेड जाईल असा धरता आला पाहिजे. खरेदी करायची ती हे लक्षात ठेवून.

आता तुम्ही विचाराल, एका दगडासाठी एवढा खटाटोप कशाला? नाणेघाटातल्या लेण्याकडे पाहा. सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती तेथे मागच्या भिंतीवर कोरलेल्या होत्या. आज पायांच्या खुणांपलीकडे फारसे काही उरलेले नाही. पण वर कोरलेली नावे राहिली, म्हणून तेथे सिमुक सातवाहन होता, नायनिका म्हणजे नागनिका राणी होती, हे आपल्याला कळते. बाजूच्या भिंतींवरचा राणीचा मोठा लेख, यज्ञ आणि दक्षिणा यांच्या आकड्यांसकट, ब्यूलर या जर्मन पंडिताने १८८३ साली प्रसिद्ध केला. तेव्हापासून विद्वान त्यातल्या झिजलेल्या जागांवर डोळे ताणीत आले आहेत. तो संरक्षित, नामांकित लेख. आपल्या बांधावरच्या वीरगळाला कोण विचारतो? त्यावर पाऊस पडतो, शेंदूर चढतो, कधी तो पायरीत बसवला जातो.

बाजारात गेलात की दुकानदार तुमच्यापुढे एक पेटीच ठेवील: फ्लॅश, स्टँड, पांढरी छत्री, सॉफ्टबॉक्स, रंगीत कागद. यातले दगडाला काय लागते? फ्लॅश आणि तो दुरून उडवणारा रेडिओ ट्रिगर, एवढेच. छत्री आणि सॉफ्टबॉक्स सावल्या मऊ करतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांचे फोटो काढायला ती छान. आपल्याला मात्र सावली काटेकोर हवी, म्हणून उघडा, लहान दिवाच बरा. (छत्रीची गरज पडलीच तर धुतलेल्या पांढऱ्या धोतराचा पडदाही काम भागवतो.)

फ्लॅश साधा, हाताने जोर कमीजास्त करता येणारा घ्यावा. आपोआप जोर ठरवणारी सोय असते, तिचे जास्त पैसे पडतात. लग्नात माणसे पुढेमागे हलतात, तेथे ती हवी. आपला दगड कुठे पळून जात नाही! एकदा जोर ठरला की ठरला.

जोर किती लागेल याचा हिशेब मात्र करून बघण्यासारखा आहे. फ्लॅशच्या ताकदीला 'गाइड नंबर' म्हणतात. तो आकडा अंतराने भागला की भिंगाचे छिद्र किती ठेवायचे ते मिळते. समजा, आयएसओ १०० ला गाइड नंबर ३६ मीटर आहे आणि फ्लॅश दोन मीटरवर आहे, तर छिद्र एफ १८. पण हे समोरून पडणाऱ्या उजेडाचे. पंधरा अंशांइतका तिरका उजेड टाकला की तो दगडावर पसरतो आणि सुमारे चौथाईच उरतो. म्हणजे छिद्र दोन पायऱ्या उघडून एफ ९ च्या आसपास, एफ ८ धरा.

मग फ्लॅश जवळच का आणू नये? इथे गंमत आहे. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. दगड एक मीटर रुंद आहे आणि फ्लॅश त्याच्या कडेपासून अर्ध्या मीटरवर आहे असे धरा. पलीकडची कड दीड मीटरवर, म्हणजे तिप्पट लांब. तेथे उजेड नववा हिस्सा. अर्धा दगड पांढराफटक, अर्धा काळा. तोच फ्लॅश दोन मीटर दूर न्या: दोन आणि तीन, फरक फक्त सव्वादोन पट. म्हणून दूर धरायचा, आणि दूर धरायचा म्हणून जोर हवा. खोक्यावर छापलेल्या आकड्याला मात्र भुलू नका. पुष्कळदा तो फ्लॅशचे डोके २०० मिलिमीटरवर, म्हणजे झोत अगदी अरुंद करून मोजलेला असतो. रुंद झोतात साठचे छत्तीसही होऊ शकतात. दुकानदाराला ३५ मिलिमीटरचा आकडा विचारा.

भर उन्हात तरीही हार पत्करावी लागते. फ्लॅश वापरताना बहुतेक कॅमेऱ्यांत शटर सुमारे एक-द्विशतांश सेकंदापेक्षा जलद चालत नाही, आणि तेवढ्या वेळात ऊन आपल्या तिरक्या फ्लॅशला सहज झाकून टाकते. उपाय सोपा: दोघांनी घोंगडे किंवा काळी ताडपत्री धरून दगडावर सावली करायची. आधी फ्लॅश न उडवता एक फोटो काढून बघा. तो जवळजवळ काळा आला की समजा, आता दिसेल तो उजेड फ्लॅशचाच. दिवस मावळताना काम सोपे जाते. पण आपल्या भागात उसाच्या कडेला अंधारात रेंगाळू नये, हे जुन्नरकरांना मी काय सांगावे!

ट्रिगरविषयी थोडे. दुसऱ्या फ्लॅशच्या उजेडाने उडणारे फ्लॅश स्वस्त पडतात, पण उन्हात ते दगा देतात. तारेने जोडला तर तार पायात येते. रेडिओ ट्रिगर कोपऱ्याआडूनही चालतो. फक्त तो आपल्या कॅमेऱ्याच्या जातीचा आहे ना, एवढे दुकानातच लावून बघावे. जुने फ्लॅश कोणी फुकट देऊ लागले तर मोह आवरा. त्यांतल्या काहींच्या जोडणीत दोनशे व्होल्टहून अधिक दाब असतो आणि आजच्या कॅमेऱ्याचे त्याने नुकसान होऊ शकते. आणि विज्ञानाच्या शिक्षकांना हात जोडून विनंती: बिघडलेला फ्लॅश मुलांसमोर उघडू नका. सेल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या आसपास वीज साठून राहू शकते. ती जिवावर बेतू शकते.

स्टँड घेतला नाही तरी चालेल. वाऱ्यात तो पडतोच. लांब काठीच्या टोकाला फ्लॅश बांधून सातवीतल्या एखाद्या मुलाच्या हाती द्यावी. कॅमेऱ्याला मात्र तिपाई हवी, कारण एकाच जागेवरून अनेक फोटो काढायचे आहेत. का, ते सांगतो. ब्राह्मी लिपीत 'क' म्हणजे अधिकची खूण, आणि 'र' म्हणजे नुसती उभी रेघ. उजेड बरोबर डावीकडून आला तर आडवी रेघ उजेडाच्याच दिशेत असल्याने तिची सावली पडत नाही. 'क' चा झाला 'र'! वरून टाकला तर उभी रेघ गेली. मानमोडीच्या लेण्यात नहपान क्षत्रपाच्या अयम नावाच्या अमात्याचा लेख आहे, त्यात वर्षाचा आकडा ४६ आहे. अशा आकड्यातली एक रेघ हुकली तर इतिहासाचा हिशेब चुकेल. म्हणून डावीकडून, उजवीकडून, वरून आणि कोपऱ्यांतून, किमान आठ फोटो. अंतर सारखे राहावे म्हणून दोन मीटरची सुतळी दगडापासून फ्लॅशपर्यंत ताणून घ्यावी आणि फोटोआधी बाजूला करावी. चित्रात एक मोजपट्टी ठेवावी. २००१ साली टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे अनेक फोटो संगणकात एकत्र करून पडद्यावर उजेड हवा तसा फिरवण्याची रीत मांडली; तीत पुढे दगडाशेजारी चकचकीत काळा गोळा ठेवू लागले, म्हणजे उजेडाची दिशा कळते. तेवढे आपल्याला आजच नको, पण फोटो जपून ठेवले तर पुढे कोणी करील.

पैसे अजिबात नसतील तर? तिपाईवर कॅमेरा किंवा मोबाइल, रात्रीच्या शटरची सोय आणि एक चांगली बॅटरी. दगड हलत नाही, म्हणून लांब शटर चालते. घरात किंवा देवळाच्या मंडपात हे फ्लॅशइतकेच चांगले जमते.

दोन बंधने मात्र पाळावीत. संरक्षित लेण्यांत तिपाई वा दिवे लावायचे असतील तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी; अजिंठ्यासारख्या चित्रांच्या लेण्यांत तर फ्लॅशला मनाईच आहे. आणि अक्षरे उठावीत म्हणून दगडावर खडू, तेल, पीठ काहीही चोळू नये. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी, बस्स.

गुरुजींनी मधल्या ताकदीचा एक फ्लॅश आणि ट्रिगर घेतला. माघ महिन्यात आम्ही दोघे आणि चार मुले घोंगडी घेऊन गेलो. वीरगळच निघाला: खालच्या चौकटीत लढाई आणि घोडेस्वार, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, दोन्ही बाजूंना चंद्र-सूर्य. तळाच्या पट्टीवर डावीकडच्या उजेडात सात-आठ खुणा दिसतात. वरच्या उजेडात त्यांतल्या तीनच राहतात. ती अक्षरे आहेत की छिन्नीचे घाव, हे अजून ठरलेले नाही. पावसाळ्यापूर्वी कोपऱ्यांतून उजेड टाकून पुन्हा फोटो घ्यायचे आहेत.