संगणकीय नस्ती : मांडणी आणि अधिकारांची मर्यादा

मुंबईत मंत्रालयाला 21 जून 2012 रोजी लागलेल्या आगीत पाच जणांचा बळी गेला आणि हजारो नस्त्या जळून नष्ट झाल्या. कागदावरचा कारभार किती असुरक्षित असतो, हे त्या दिवशी स्पष्ट झाले. संगणकीय नस्ती हा त्यावरील उपाय आहे. मात्र तिची विश्वासार्हता दोन गोष्टींवर अवलंबून असते : माहितीची शिस्तबद्ध मांडणी आणि ती हाताळण्याच्या अधिकारांची निश्चिती.

माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्यानुसार, अभिलेखांचे वर्गीकरण करून त्यांची सूची ठेवणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेल्या ‘ई-ऑफिस’ प्रणालीची रचना याला पूरक आहे. कार्यालयात आलेल्या पत्राची प्रथम नोंद होऊन त्याला क्रमांक मिळतो. नंतर ते संबंधित नस्तीला जोडले जाते. नस्तीत टिप्पणी आणि पत्रव्यवहार असे दोन स्वतंत्र भाग असतात. पिवळी टिप्पणी हा मसुदा असल्याने त्यात दुरुस्ती करता येते. हिरवी टिप्पणी मात्र एकदा नस्तीसोबत पुढे गेली की बदलता येत नाही. अधिकाऱ्याने आपले मत बदलल्यास त्याला नवी टिप्पणी लिहावी लागते.

नस्ती ज्याच्याकडे असेल, त्यानेच तिच्यावर कार्यवाही करावयाची असते. तिचा प्रवास तारीख आणि वेळेसह नोंदवला जातो. त्यामुळे विलंब नेमका कुठे झाला, हे शोधता येते.

अशा नियंत्रणात त्रुटी राहिल्यास काय घडते, याचे उदाहरण बँकिंग क्षेत्रात आढळते. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील एका शाखेतील गैरव्यवहार 2018 मध्ये उघडकीस आला. इतर बँकांच्या परदेशांतील शाखांना ‘स्विफ्ट’ संदेशप्रणालीद्वारे हमीपत्रे पाठवली गेली होती. परंतु बँकेच्या मुख्य संगणकीय हिशेबात त्यांची नोंद नव्हती. दोन प्रणाली परस्परांशी जोडलेल्या नसल्याने ही तफावत लक्षात आली नाही. ‘स्विफ्ट’विषयक नियंत्रणे मुदतीत अंमलात न आणल्याबद्दल रिझर्व्ह बँकेने 2019 मध्ये 36 बँकांना एकूण 71 कोटी रुपयांचा दंड ठोठावला.

म्हणूनच प्रस्ताव तयार करणारा आणि त्याला मंजुरी देणारा या व्यक्ती भिन्न असाव्यात, हे तत्त्व महत्त्वाचे ठरते. प्रत्येकाला कामापुरतेच अधिकार असावेत. बदली किंवा निवृत्तीनंतर ते तत्काळ काढून घ्यावेत. वरिष्ठांचा पासवर्ड सहायकाने वापरणे ही सोय वाटत असली, तरी त्यामुळे संपूर्ण नोंदच संशयास्पद होते. निर्णय कोणी घेतला, हे जाणून घेण्याचा नागरिकाचा हक्क अशा वेळी केवळ कागदोपत्री उरतो.