वारं, आठी आणि चुकलेले पत्ते

सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून ओघळतं. आरशात पाहावं तर तोंड एका बाजूला ओढलेलं आणि दुसरीकडचा डोळा मिटता मिटत नाही. घरात लगेच कुणीतरी म्हणतं, ‘वारं गेलं.’ अर्धांगवायूलाही आपण ‘अंगावरून वारं जाणं’च म्हणतो. दोन निराळे आजार एकाच शब्दात बसवले, की पुढचे घोटाळे तिथूनच सुरू होतात.

पहिला घोटाळा म्हणजे तोंड वाकडं झालं की मेंदूलाच झटका आला असं समजणं. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या 12 जोड्यांपैकी सातवी जोडी चेहऱ्याची. कानाजवळच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून ती बाहेर येते. तिला सूज आली तर पसरायला जागा नसते. नस चेपते आणि चेहऱ्याची ती बाजू लुळी पडते. स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल यांनी 1821 मध्ये या नसेचं काम उलगडून दाखवलं, म्हणून याला बेल्स पाल्सी म्हणतात.

मग फरक कसा ओळखायचा? डॉक्टर रुग्णाला भुवया उंचावायला सांगतात. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांकडून हुकूम येतो. त्यामुळे एका बाजूला झटका आला, तरी कपाळावर आठ्या पडतात. नसच चेपलेली असेल तर तेवढं अर्धं कपाळ इस्त्री केल्यासारखं सपाट राहतं. म्हणजे जो चेहरा जास्त बिघडलेला दिसतो, तोच बहुधा कमी धोक्याचा! पण ही परीक्षा घरी घेऊन निवांत बसू नये. मेंदूच्या देठाजवळचा झटका कपाळालाही फसवतो. हात-पाय लुळा पडला, बोबडी वळली, तोल गेला तर थेट मोठं रुग्णालय गाठायचं. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

एसटीच्या खिडकीतल्या गार वाऱ्याला मात्र उगाच बोल लावला जातो. डॉक्टरांचा संशय आहे तो ओठांवर फोड आणणाऱ्या हर्पिसच्या विषाणूवर. तो नसांत वर्षानुवर्षं झोपून असतो आणि कधीतरी जागा होतो. कानात पाणीदार पुरळ आणि ठणका असेल तर गुन्हेगार वेगळा, कांजिण्यांचा विषाणू. गायक जस्टिन बीबरचा चेहरा 2022 मध्ये लुळा पडला तो याच रॅमसे हंट सिंड्रोममुळे.

‘आपोआप बरं होतं’ हे अर्धसत्य आहे. बेल्स पाल्सीचे साधारण 70 टक्के रुग्ण औषधाविना पूर्ण बरे होतात, हे खरं. पण 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधल्या चाचणीत 72 तासांच्या आत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलेल्यांपैकी सुमारे 94 टक्के लोक नऊ महिन्यांत बरे झाले. ते न घेतलेल्यांत हा आकडा 82 होता. स्टेरॉइड म्हटलं की आपण दचकतो, पण इथे ते थोडेच दिवस घ्यायचं असतं. मधुमेह असेल तर साखरेवर लक्ष ठेवून.

उपचारांच्या धावपळीत डोळ्याकडे कुणी बघत नाही. पापणी मिटत नसल्याने बुबुळ कोरडं पडून जखम होऊ शकते. दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणीवर चिकटपट्टी, एवढं तरी हवंच.

चेहऱ्याला व्यायाम म्हणून च्युइंगम चघळण्याचा सल्ला तर घराघरांत मिळतो. पण चावण्याचे मुख्य स्नायू चालवते पाचवी नस, सातवी नव्हे! ही पाचवी बिघडली की दात घासताना, कधी नुसत्या झुळकीनेही, गालात विजेसारखी कळ उठते. वाऱ्याला खराखुरा दोष द्यावा तो इथे, आणि इथेच लोक दाताला दोष देऊन धडधाकट दाढा उपटून घेतात. सलमान खानने आपल्याला हे दुखणं असल्याचं उघडपणे सांगितलं होतं.

बेल्स पाल्सीतून सावरताना काहींच्या सातव्या नसेचे तंतू पुन्हा वाढताना पत्ता चुकतात. मग हसलं की डोळा मिटतो. क्वचित एखाद्याच्या डोळ्याला जेवताना धार लागते. डॉक्टर त्याला नक्राश्रू म्हणतात. भाजी तिखट नसते, मनातही काही नसतं. लाळेच्या ग्रंथीकडे निघालेले तंतू अश्रूंच्या ग्रंथीवर जाऊन पोचलेले असतात.