वरून फक्त स्लॅब दिसतो

भूकंपानंतर टीव्हीवर ‘उपग्रहाने टिपलेली दृश्ये’ झळकली की आपल्याला वाटतं, वर कुणीतरी कॅमेरा रोखून बसलंच होतं. पण हे उपग्रह पृथ्वीभोवती आपापल्या कक्षेत फिरत असतात. त्यांची फेरी भूकंप ठरवत नाही. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला, इस्रो आणि नासाचा निसारसुद्धा त्याच मार्गावर १२ दिवसांनी परततो. म्हणून आपत्तीत देशोदेशीच्या अवकाश संस्था एका आंतरराष्ट्रीय सनदेखाली आपापली चित्रं फुकट देतात. इस्रोही त्यात आहे.

‘ढग आले की उपग्रह आंधळा,’ हेही अर्धंच खरं. तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी ७.८ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा अंधार होता, ऐन हिवाळा होता. साध्या कॅमेऱ्याला उजेड आणि निरभ्र आकाश लागतं. रडार स्वतःच लहरी सोडतं. त्याला रात्र आणि ढग सारखेच.

मात्र रडारची ती इंद्रधनुषी पट्ट्यांची चित्रं म्हणजे पडझडीचा नकाशा नव्हे. जमीन किती सरकली, एवढंच ते पट्टे सांगतात. २०१५ च्या नेपाळ भूकंपात काठमांडूजवळची जमीन सुमारे मीटरभर उचलली गेली, तरी शहरातल्या बहुतेक काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या. डोंगरातल्या गावांत दगडमातीची घरं भुईसपाट झाली. पडझडीसाठी आधीच्या आणि नंतरच्या रडार चित्रांतला बदल वेगळा शोधतात. तिथेही नकाशावरचा लाल डाग म्हणजे ‘इथे काहीतरी बदललं’ इतकंच. नुकता पडलेला बर्फ किंवा नांगरलेलं शेतही लाल दिसू शकतं.

पण खरा घात करतो तो उलटा समज: नकाशावर लाल नाही, म्हणजे घर धड आहे. आजच्या उत्तम व्यापारी उपग्रहचित्रात एक ठिपका साधारण ३० सेंटिमीटरचा. मोटार पंधरा ठिपके लांब, सहा रुंद. खांबाची भेग काही मिलिमीटरची, तीही उभ्या अंगावर. तळमजल्याचे खांब मोडून इमारत एक मजला खाली बसली, तर वरून दिसतो तोच स्लॅब, तीच पाण्याची टाकी. जाणकार मग सावली मोजतात, ती आखूड झाली का पाहतात. युरोपीय मोजपट्टीवर नुकसानीच्या पाच पायऱ्या आहेत. पाचवी, म्हणजे संपूर्ण कोसळणं, वरून बरीचशी कळते. दुसरी-तिसरी जवळजवळ नाहीच.

किल्लारीच्या भूकंपाचं उदाहरण घ्या. १९९३ साली आपल्या आयआरएस-१बी उपग्रहाच्या बारकाव्याच्या कॅमेऱ्याचा एक ठिपका ३६ मीटरचा होता. अख्खा वाडा एका ठिपक्यात गडप. समजा, आजचा कॅमेरा असता. तिथली घरं म्हणजे जाड दगडी भिंतींवर मातीचं माळवद. घर धड असलं तरी वरून माती, पडलं तरी मातीच. सपाट माती आणि ढिगाची माती यांतला फरक सावलीवरूनच ओळखावा लागला असता.

या चित्रांचा खरा उपयोग पहिल्या दिवसांत होतो: कुठला रस्ता बंद आहे, कुठल्या वस्तीकडे आधी पळायचं. राहायला घर सुरक्षित आहे का, याचा दाखला मात्र इंजिनियर देतो. तो टॉर्च घेऊन जिन्याखाली वाकतो, खांब-तुळईचा सांधा बघतो, आणि काल सहज लागणारं दार आज चौकटीत अडकतंय का, ते ओढून पाहतो.