केदारनाथला विमानानं निघालात? काठी, पॉवर बँक, कापूर कुठल्या बॅगेत ते आधी बघा

पेरणीच्या आधी थोडी उसंत मिळते म्हणून आपल्याकडची बरीच मंडळी मे महिन्यात केदारनाथ करतात. पूर्वी सगळे रेल्वेनं जायचे, आता पुण्याहून दिल्ली किंवा डेहराडूनपर्यंत विमानानं जाणारेही वाढलेत. गौरीकुंडापासून वर सुमारे १६ किलोमीटरची चढण, मंदिर साडेतीन हजार मीटरच्या वर. काठी, बूट, जॅकेट, बॅटरी, रेनकोट सगळं लागतंच. अडचण येते ती विमानतळावर.

मागच्या खेपेला आम्ही गावातले सात जण गेलो. माझ्या पाठीवरच्या पिशवीत वडिलांचा पितळी अडकित्ता होता. सुपारीची सवय, त्याला धार आहे हे डोक्यातच आलं नाही. मशीनमध्ये तो दिसला. जवान नीट बोलला, काउंटरवर परत जाऊन सामानात टाकून या म्हणाला. पण मोठी बॅग तर कधीच पुढं गेली होती आणि विमानाला वेळ उरला नव्हता. अडकित्ता तिथल्या पेटीत टाकून पुढं गेलो. आईला अजून सांगितलेलं नाही, आता हे वाचून कळेल.

तर गोष्ट अशी आहे. मोठी बॅग काउंटरवर वजन करून देतो ती विमानाच्या पोटात जाते, दिल्लीला उतरल्यावरच हातात येते. छोटी आपल्यासोबत वर येते आणि तिची तपासणी कडक असते. देशातल्या साध्या तिकिटावर बहुतेक वेळा मोठीला १५ किलो आणि छोटीला ७ किलो असतात, तरी आपल्या तिकिटावर बघून घ्या. जाड बूट आणि जॅकेट अंगावरच घाला, दोन-तीन किलो तिथंच वाचतात.

चाकू, अडकित्ता, कात्री, टोकदार ट्रेकिंगची काठी, दोर हे मोठ्या बॅगेत. काठीच्या टोकाला जुनं कापड गुंडाळा. म्हाताऱ्या माणसाची आधाराची काठी तपासून सोडतात, ती वेगळी. लोणचं, तिखट, तेल, तूपही खालीच द्या, डबा गळणार नाही असा बांधून.

पॉवर बँकेचं बरोबर उलटं. ती मोठ्या बॅगेत अजिबात ठेवायची नाही, कारण तिच्यातली बॅटरी पेटली तर खाली विझवायला कोणी नसतं. आमच्यातल्या एकानं ठेवली होती, त्याला बोलावून बॅग उघडायला लावली. १०० वॅट-तासापर्यंतची चालते. आपल्याकडं असते ती २०,००० एमएएचची साधारण ७४ वॅट-तास भरते, म्हणजे अडचण नाही. फक्त तिच्यावरचे आकडे पुसलेले नसावेत. औषधं आणि डॉक्टरची चिठ्ठीही छोट्या बॅगेतच.

आता ज्या वस्तू वरही नाहीत आणि खालीही नाहीत त्या. काडीपेटी, लायटर, छोट्या शेगडीचा गॅसचा डबा. कापूरसुद्धा. पूजेच्या सामानात तो हमखास असतो, पण तो पटकन पेट घेतो. ऑक्सिजनचा छोटा डबाही विमान कंपनीच्या परवानगीशिवाय नेता येत नाही.

सुकं खोबरं तर कोणाच्या ध्यानातच येत नाही. त्यात तेल असतं म्हणून २०२२ पासून ते मोठ्या बॅगेत बंद आहे. नारळ सोबत वर नेऊ देत नाहीत. शबरीमलाच्या भक्तांना जानेवारी २०२५ पर्यंत त्यासाठी खास सवलत दिली होती, त्यावरून नियम किती पक्का आहे ते बघा. नारळ तिकडंच घ्या.

काउंटर सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होतं. दोन-अडीच तास आधी पोचलात तर चुकून राहिलेली वस्तू परत काउंटरवर नेऊन देता येते. सोडायला आलेल्या पोराला लगेच गावाकडं पिटाळू नका, आपण आत तपासणी पार करेपर्यंत त्याला बाहेर थांबवा. बाहेर कोणी असलं तर वस्तू त्याच्याकडं पोचवायची सोय तरी राहते.

येताना गंगाजलाची बाटली मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून. गौरीकुंडात घेतलेली लोखंडी टोकाची काठी मोठ्या बॅगेत मावत नसेल तर चढायला निघालेल्या कुणाला तरी देऊन टाका. आम्ही सातही तिथंच दिल्या.