घरोघरच्या पाण्याचा हिशेब

शहरातल्या कुटुंबाला महिन्याकाठी वीज किती लागली, ते बिलावर युनिटमध्ये छापून येते. पाणी किती लागले, हे मात्र बहुतेक कुटुंबांना कधीच कळत नाही. मुंबईच्या गृहनिर्माण सोसायट्यांत महापालिकेचे मीटर इमारतीच्या मुख्य जोडणीवर असते. तिथून पाणी जमिनीखालच्या टाकीत पडते, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि मग घरोघरी उतरते. बिल साऱ्या इमारतीचे एकच येते. ते सभासदांत कसे वाटायचे, हे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सांगितले आहे : प्रत्येक सदनिकेतील नळजोडांची संख्या आणि त्यांचा आकार पाहून. त्यामुळे नळजोड सारखे असले, की बादलीभर पाण्यात आंघोळ उरकणारे घर आणि पाऊण तास शॉवर चालू ठेवणारे घर सारखीच रक्कम भरतात. पुण्यात निवासी मिळकतींची पाणीपट्टी मिळकतकराबरोबर, मिळकतीच्या करपात्र मूल्यावरून आकारली जात आली आहे. तिथेही आकारणीचा प्रत्यक्ष वापराशी संबंध येत नाही. प्रत्येक घराचा वापर मोजून तो आकडा त्या घरापर्यंत लवकर पोहोचवणारी मीटर आणि मोबाइल अ‍ॅप ही उणीव भरून काढतात.

पाणी जाते कुठे

मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरांसाठी भारतात माणशी रोज १३५ लिटर पाणी हे प्रमाण धरले जाते. चार माणसांच्या घराला त्या हिशेबाने दिवसाला ५४० आणि महिन्याला सुमारे १६,००० लिटर पाणी पुरायला हवे. त्यात पिण्याचा आणि स्वयंपाकाचा वाटा माणशी जेमतेम दहा लिटरचा. सर्वांत मोठा खर्च आंघोळीचा आणि शौचालयाचा, त्याखालोखाल कपडे, भांडी आणि फरशी.

ह्या कामांना लागणारे पाणी सवयीप्रमाणे कितीतरी बदलते. बादलीने आंघोळ वीस लिटरांत होते. मिनिटाला दहा लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली आठ मिनिटे उभे राहिले, तर ८० लिटर जातात. फ्लशच्या जुन्या टाक्या एका वेळी दहा लिटर किंवा त्याहून अधिक पाणी सोडतात, तर दोन बटणांच्या नव्या टाक्यांना सहा आणि तीन लिटर पुरतात. पाणी शुद्ध करणारे आरओ यंत्र एक लिटर पाणी देताना बहुधा दोन-तीन लिटर बाहेर टाकते. हे वाया जाणारे पाणी फरशीला किंवा फ्लशला वापरता येते. पण ते दिवसाला किती, हे मोजल्याशिवाय त्याची दखल घेतली जात नाही.

मोजणी कशी होते

नेहमीच्या यांत्रिक मीटरमध्ये पाण्याच्या जोराने एक छोटे चक्र फिरते आणि त्याचे फेरे आकड्यांच्या पट्टीवर मोजले जातात. चक्राला चुंबक जोडला, की ठरावीक फेऱ्यांमागे एक विद्युत खूण मिळते आणि मीटर संगणकाशी बोलू लागते. ह्या मीटरच्या दोन अडचणी आहेत. बारीक धार चक्राला फिरवू शकत नाही, म्हणून गळती नोंदलीच जात नाही. शिवाय जिथे पाणी दिवसातून काही तासच येते, तिथे पाण्याआधी नळातली हवा सुटते. ती चक्र फिरवते आणि न आलेले पाणीही मोजले जाते.

श्राव्यातीत ध्वनीवर चालणाऱ्या मीटरमध्ये फिरणारा भागच नसतो. नळीच्या दोन टोकांवरून एकमेकांकडे ध्वनिलहरी सोडल्या जातात. प्रवाहाच्या दिशेने जाणारी लहर थोडी लवकर पोहोचते, उलट दिशेची थोडी उशिरा. ह्या सूक्ष्म फरकावरून पाण्याचा वेग आणि वेगावरून लिटर निघतात. हे मीटर महाग असते, पण बारीक धारही टिपते.

मीटरमधला आकडा बाहेर पाठवण्यासाठी कमी विजेवर चालणारी रेडिओ यंत्रणा वापरतात. एका बॅटरीवर ती काही वर्षे चालते. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा अशा कामासाठी परवान्याशिवाय खुला आहे. गच्चीवर किंवा जिन्यात बसवलेले एक ग्राहकयंत्र साऱ्या मीटरांचे आकडे गोळा करते, इंटरनेटवरून सर्व्हरला देते आणि तिथून ते रहिवाशाच्या मोबाइलवर येतात.

आपल्याकडच्या इमारतींत आणखी एक पेच असतो. गच्चीवरच्या टाकीतून स्वयंपाकघराची, प्रत्येक बाथरूमची आणि धुण्याच्या जागेची नळी बहुधा वेगळी उतरते. त्यामुळे दोन शयनगृहांच्या सदनिकेलाही तीन ते पाच मीटर लागू शकतात. ते सारे आकडे एका सदनिकेच्या नावावर जोडण्याचे काम सॉफ्टवेअर करते. खर्च वाढतो, पण फायदाही होतो : पाणी स्वयंपाकघरात जास्त जाते की बाथरूममध्ये, हे वेगळे कळते. नव्या बांधकामात सदनिकेला एकाच ठिकाणी पाणी देण्याची रचना आधीच केली, तर एका मीटरवर भागते.

आकड्यांतून अर्थ

नुसता आकडा रहिवाशाच्या उपयोगाचा नसतो. अ‍ॅप त्याचे रूपांतर माणशी रोजच्या लिटरमध्ये करते, गेल्या महिन्याशी आणि इमारतीच्या सरासरीशी तुलना दाखवते आणि ठरवलेल्या मर्यादेजवळ वापर आला की सूचना देते. दिल्लीत महिन्याला २०,००० लिटरपर्यंतचा घरगुती वापर मोफत आणि त्यापुढे गेल्यास साऱ्या वापराचे बिल, असा नियम केला गेला. अशा ठिकाणी मर्यादा ओलांडण्याआधी मिळालेली सूचना थेट पैशांत मोजता येते.

गळती शोधण्याची युक्ती सोपी आहे. मध्यरात्रीनंतर दोन ते चारच्या दरम्यान घरात सलग पाणी वाहण्याचे काही कारण नसते. त्या वेळी प्रवाह शून्यावर येतच नसेल आणि हे लागोपाठ काही रात्री घडत असेल, तर कुठेतरी गळती आहे, असे सॉफ्टवेअर ठरवते. सेकंदाला एक थेंब गळणाऱ्या नळातून दिवसाला वीसेक लिटर जातात. फ्लशच्या टाकीचा वॉशर झिजला, तर धार भांड्याच्या कडेने आवाज न करता वाहते. मिनिटाला एक पेला, म्हणजे २०० मिलिलिटर, एवढीच ती धार असली तरी दिवसाचे २८८ लिटर होतात. दोन माणसांच्या प्रमाणित वापराहून जास्त. काही मीटरांना झडप जोडलेली असते. कुटुंब गावाला गेले असताना नळ चालू राहिला, तर मोबाइलवरून पुरवठा बंद करता येतो.

प्रत्येक वापराची एक ओळखीची रेषाही असते. फ्लशची टाकी दर वेळी तेवढेच पाणी तेवढ्याच वेळात घेते, शॉवर काही मिनिटे एकसारखा वाहतो, धुलाईयंत्र मधून मधून भरते. ह्या रेषा ओळखून एकाच मीटरवरून वापर वेगळा करता येतो. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये मांडलेल्या ‘हायड्रोसेन्स’ ह्या पद्धतीत नळांतल्या दाबाच्या बदलावरून कोणता नळ उघडला, हे ओळखले जाई. दोन-तीन नळ एकाच वेळी चालू असले, की असे अंदाज चुकण्याची शक्यता वाढते.

सोसायटीच्या पातळीवर हिशेब आणखी उपयोगी पडतो. आत आलेले पाणी आणि सर्व सदनिकांच्या वापराची बेरीज ह्यांत जो फरक राहतो, तो बागेचा, जिने धुण्याचा, टाकी भरून वाहिल्याचा किंवा जमिनीखालच्या टाकीच्या तड्याचा. टाकीतली पातळी मोजणारे साधन पंपाला जोडले, तर वॉचमनने पंप बंद करायची वाट पाहावी लागत नाही. टँकरच्या नळीवर मीटर बसवले, तर दहा हजार लिटरच्या टँकरमधून खरोखर किती पाणी उतरले, तेही कळते.

माहितीने वापर घटतो का

ह्या प्रश्नावर बरेच प्रयोग झाले आहेत. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, अटलांटाजवळच्या कॉब काउंटीत २००७ च्या दुष्काळात एक लाखाहून अधिक घरे एका प्रयोगात सामील होती. काहींना पाणी वाचवण्याच्या नुसत्या सूचना पाठवल्या, काहींना सूचनांसोबत आवाहन, तर काहींना आवाहनाबरोबर शेजारच्या घरांच्या वापराशी तुलना. सूचनांचा परिणाम नगण्य होता. तुलनेने वापर सुमारे पाच टक्क्यांनी घटला आणि सर्वांत जास्त पाणी वापरणाऱ्या घरांत घट अधिक झाली. पुढच्या काळात हा परिणाम ओसरत गेला, तरी पुसला गेला नाही. कॅलिफोर्नियात ओकलंड परिसराला पाणी पुरवणाऱ्या संस्थेने सॉफ्टवेअरने तयार केलेले अहवाल घरोघरी पाठवून पाहिले. तिथेही घट पाच टक्क्यांच्या आसपास आली.

झुरिचमधल्या एका प्रयोगात ही घट बरीच मोठी होती. शॉवरच्या नळीवर एक लहान पडदा बसवला होता. आंघोळ चालू असतानाच त्यावर खर्च झालेले लिटर दिसत आणि वितळत्या हिमखंडावरचे ध्रुवीय अस्वलही. दोन महिन्यांच्या ह्या प्रयोगात आंघोळीला लागणारी ऊर्जा, म्हणजे मुख्यतः गरम पाणी, २२ टक्क्यांनी कमी झाली. महिन्याच्या शेवटी येणारा आकडा सवयीपासून दूर असतो. नळाखाली हात असतानाच दिसणारा आकडा त्याच क्षणी निर्णय घ्यायला लावतो.

दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहराने माहिती सर्वांसमोर मांडली. तीन वर्षांच्या अवर्षणानंतर २०१८ च्या सुरुवातीला नळ बंद करण्याचा दिवस जवळ आला होता. जानेवारीत महापालिकेने शहराचा नकाशा खुला केला. महिन्याला ६,००० लिटरच्या आत वापर असलेल्या घरावर गडद हिरवा ठिपका आणि ६,००० ते १०,५०० लिटर वापरणाऱ्यावर फिका हिरवा. जास्त वापरणाऱ्यांना तांबडा ठिपका दिला नव्हता; काटकसर करणारे अनेक आहेत, हे दिसावे एवढाच हेतू होता. १ फेब्रुवारीपासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादाही आली. नळ बंद करण्याचा दिवस टळला, पण त्याचे श्रेय एकट्या नकाशाला देता येत नाही. चढे दर, कमी केलेला दाब, अतिवापर करणाऱ्या घरांवरची बंधने आणि अखेर पाऊस, हे सारे त्यामागे होते.

दराचे महत्त्व महाराष्ट्रातही दिसले आहे. सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी देताना जोडण्यांना दुरून वाचता येणारी मीटर बसवली आणि वापर वाढेल तसा चढत जाणारा दर ठेवला. नळाला कधीही पाणी येते म्हटल्यावर साठवून ठेवलेले ‘शिळे’ पाणी ओतून देण्याचे कारण उरत नाही, आणि दर चढता असल्याने उधळपट्टीला लगाम बसतो.

मर्यादा आणि खबरदारी

शेजाऱ्यांशी तुलना उलटही फिरू शकते. कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस इथे विजेच्या वापरावर झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आपला वापर सरासरीहून कमी आहे हे कळलेल्या घरांनी तो वाढवला. आकड्याशेजारी हसरा चेहरा छापल्यावर ही वाढ थांबली. म्हणून चांगल्या अ‍ॅपमध्ये कमी वापरणाऱ्याला शाबासकीही मिळते.

दुसरा प्रश्न खासगीपणाचा. तासातासाचा आकडा पाहिला, की घरात माणसे कधी उठतात, केव्हा बाहेर असतात, पाहुणे कधी आले, हे उघड होते. त्यामुळे तपशील फक्त त्या कुटुंबाला, व्यवस्थापक समितीला महिन्याची बेरीज आणि सूचनाफलकावर केवळ इमारतीची सरासरी, अशी वाटणी योग्य ठरते. साधने बसवणाऱ्या कंपनीकडे माहिती किती काळ राहील, हे करारात लिहून घ्यावे लागते. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी भारतात २०२३ मध्ये कायदाही झाला आहे.

तिसरी मर्यादा पाण्याच्या विषम वाटणीची. मुंबईत झोपडपट्ट्यांसाठी माणशी रोज ४५ लिटर एवढेच प्रमाण धरले जात आले आहे. सामायिक नळावर रांग लावणाऱ्या कुटुंबाला वापर घटवण्याचे अ‍ॅप निरुपयोगी आहे. बचतीला वाव आहे तो जिथे पाणी प्रमाणापेक्षा जास्त वापरले जाते तिथे.

सुरुवात कुठून करावी

घराचे स्वतंत्र मीटर असेल, तर पहिली तपासणी फुकट होते. रात्री सर्व नळ बंद केल्यावर मीटरचा आकडा टिपावा आणि सकाळी कुणी नळ उघडण्याआधी पुन्हा पाहावा. तो पुढे सरकला असेल, तर गळती आहे. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास थांबावे. भांड्यात रंग उतरला, तर वॉशर बदलायला हवा. नळाखाली लिटरचे माप धरून ते किती सेकंदांत भरते, हे पाहिले, की मिनिटाचा प्रवाह कळतो. मिनिटाला दहा लिटर सोडणाऱ्या नळाच्या तोंडाला तीनच लिटर सोडणारी जाळी लावली, तर पाच मिनिटांची भांडी ५० ऐवजी १५ लिटरांत धुऊन होतात.

सोसायटीने सगळीच मीटर एकदम विकत घेण्याची घाई करू नये. आधी मुख्य जोडणी, टँकरची नळी आणि दोन्ही टाक्या एवढ्यांचीच मोजणी करावी. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदींवरून रात्रीचा प्रवाह आणि टाकी वाहून जाण्याच्या वेळा कळतात. ह्या गळत्या बंद झाल्या आणि नळांना जाळ्या लागल्या, की उरलेला वापर हा खरोखर घरोघरचा असतो. त्यानंतर सदनिकानिहाय मीटर बसवण्याचा आणि बिल वापराप्रमाणे वाटण्याचा ठराव सर्वसाधारण सभेपुढे ठेवता येतो. दर ठरवताना गरजेपुरते पाणी स्वस्त आणि त्यापुढचे महाग ठेवले, तर मोठ्या कुटुंबावर अन्याय होऊ नये म्हणून मर्यादा सदनिकेमागे न ठरवता माणशी ठरवावी लागते. पहिले दोन-तीन महिने नवे बिल फक्त माहितीसाठी जुन्या बिलासोबत द्यावे. त्या काळात मीटरमधल्या चुका सापडतात आणि प्रत्येक घराला आपला आकडा पैसे भरण्याआधी तपासून पाहता येतो.