लुगड्याच्या गाठीखालचा कर्करोग

त्वचेच्या कर्करोगाचं कारण शोधायला गेलं की वैद्यकाची बहुतेक पुस्तकं उन्हाकडे बोट दाखवतात. गोरी कातडी, चेहरा, मान, हाताची मागची बाजू अशी त्याची ठरलेली ठिकाणं. पण कमरेच्या ज्या पट्ट्यावर कापडाचे पदर आणि वर घट्ट गाठ असते, जिथे ऊन पोचतच नाही, तिथे तो का व्हावा?

परळचं टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची धुरा सांभाळणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी या प्रश्नाचा माग काढला. बी. सूर्याबाई यांच्यासह १९४५ मध्ये त्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात भारतीय सवयींशी जोडलेले तीन कर्करोग मांडले होते: चुट्टा उलटा, म्हणजे पेटतं टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूचा, खैनी ठेवणाऱ्यांच्या खालच्या ओठाचा आणि धोतर घट्ट बांधणाऱ्यांच्या कमरेचा. सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्या माणसाने रुग्ण काय खातो, काय नेसतो, कसं नेसतो हे विचारावं, हे त्या काळात फार मोलाचं होतं. याच खानोलकरांच्या हातून १९५२ मध्ये परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं. आज ते खारघरला ‘ॲक्ट्रेक’ या नावाने चालतं.

धोतरं कमी झाली, लुगडी आणि परकर राहिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या रुग्णवृत्तान्तांच्या नियतकालिकात दोन स्त्रियांची हकिगत छापली. सत्तरीच्या एका बाईंच्या उजव्या कुशीवरची जखम दीड वर्ष भरत नव्हती. त्या साडीखाली परकराची नाडी करकचून बांधत. दुसऱ्या साठी उलटलेल्या, चाळीस वर्षं परकराशिवाय लुगडं नेसणाऱ्या. त्यांचा रोग जांघेतल्या लसिकाग्रंथीपर्यंत गेलेला होता.

नंदुरबारच्या वाचकाला हे चित्र परकं वाटू नये. धडगाव, मोलगी, अक्कलकुव्याच्या बाजारात डोक्यावर ओझं घेऊन उतरणाऱ्या बायांकडे पाहा. गाठ सैल ठेवून ओझं वाहता येत नाही, भातलावणीत वाकता येत नाही, चढ चढता येत नाही. पावसाळ्यात ओलं कापड दिवसभर अंगावर, उन्हाळ्यात घाम. वर्षानुवर्षं एकाच रेषेवर दाब, घासणं आणि ओल. आधी खाज सुटते, कातडी काळवंडते, कोंडा निघतो. मग कुठे ती पातळ होऊन पांढुरकी पडते. इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी: कमरेचा काळा पट्टा म्हणजे कर्करोग नव्हे. तो असंख्य बायकांना असतो आणि बहुतेकींचा तसाच राहतो. जखम महिनाभरात भरली नाही, कडा उचलून जाड झाल्या, हात लावताच रक्त आलं, घाण वास सुटला, तर मात्र मलम बदलत बसण्यात अर्थ नाही. बायोप्सी करायची.

या आजाराची सगळी कहाणी त्या बायोप्सीच्या तुकड्यात असते. तो जखमेच्या मधून नव्हे, कडेवरून घ्यायचा. मध्ये बहुधा मेलेल्या पेशीच मिळतात. तुकडा लगेच फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो. लॅबमध्ये त्यातलं पाणी अल्कोहोलने काढून त्या जागी पातळ केलेलं पॅराफिन मेण भरतात. मेण गोठलं की तयार होतो तो ‘ब्लॉक’, काडेपेटीहून लहान. मायक्रोटोमचं चाक फिरवत तंत्रज्ञ त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतो. कापांची फीत कोमट पाण्यावर तरंगते, सुरकुत्या उलगडतात आणि काचपट्टी तिरपी बुडवून ती अलगद उचलली जाते. हात कापला तर काप गेला. यंत्रं कितीही आली तरी या घडीला माणसाचं कसब लागतंच. मग गुलाबी-जांभळ्या रंगात पेशी दिसू लागतात. स्क्वेमस सेल कार्सिनोमा असेल तर कांद्याच्या पापुद्र्यांसारखी केराटिनची वर्तुळं उठून दिसतात. निदान तिथेच होतं.

रेणूंचं काम त्यापुढचं. त्याच ब्लॉकचा आणखी एक काप घेऊन आयएचसी करतात: ठरावीक प्रथिनाला चिकटणारं प्रतिद्रव्य लावायचं, ते जिथे चिकटेल तिथे तपकिरी रंग उमटतो. पी५३ हे प्रथिन बिघडलेल्या पेशीला थांबवतं किंवा मरायला लावतं. त्याचा जनुक बिघडला की निकामी प्रथिन पुष्कळदा पेशीकेंद्रात साचून गडद दिसतं. केआय-६७ वरून कळतं किती पेशी विभाजनात गुंतल्या आहेत. ईजीएफआर हा पेशीच्या पृष्ठभागावरचा वाढीचा संदेश घेणारा ग्राहक.

उन्हातल्या आणि कमरेच्या कर्करोगातला खरा फरक मला इथे वाटतो. अतिनील किरण डीएनएवर ओळखू येतील अशा खुणा सोडतात. अशा गाठींत बदलांची संख्या प्रचंड असते आणि त्यामुळेच शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना परकं म्हणून ओळखू शकते. कमरेचा रोग वेगळ्या वाटेने येतो. जखम भरण्यासाठी पेशी पुन्हा पुन्हा विभागत राहतात आणि प्रत्येक विभाजनात चुकीला वाव असतो. फ्रेंच शल्यविशारद मार्जोलिन यांनी १८२८ मध्ये वर्णन केलेल्या जुन्या व्रणांच्या कुळातला हा आजार. भाजल्याच्या व्रणातून झालेल्या अशा काही गाठींत कोरियाच्या संशोधकांना ‘फास’ जनुकातले बदल सापडले. पेशीला मरणाचा हुकूम पोचवणारा हा दुवा. तो तुटला की बिघडलेली पेशी जगते. शिवाय जुन्या व्रणात रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या तुटपुंज्या, म्हणून पहारेकरी पेशी तिथे कमी फिरकतात.

उपचारात पहिला मान शस्त्रक्रियेचाच: गाठ भोवतालच्या निरोगी कातडीसह काढायची, गरजेप्रमाणे दुसरीकडची कातडी लावायची, जांघ आणि काख तपासायची. वेळेत आलेल्या बाईला रेणूंची औषधं बहुधा लागतच नाहीत. फैलावलेल्या रोगासाठी पीडी-१ हा प्रतिकारशक्तीचा ब्रेक सोडवणारं सेमिप्लिमॅब अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं. त्वचेच्या स्क्वेमस कर्करोगावरच्या चाचणीत जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या गाठी आकसल्या होत्या. त्या रुग्णांत उन्हाने झालेल्या रोगाचं प्रमाण मोठं, त्यामुळे तो आकडा कमरेच्या गाठीला जसाच्या तसा लावता येत नाही.

किंमत हा दुसरा अडसर, आणि त्यावर टाटा स्मारकाने केलेलं काम अभिमान वाटावा असं आहे. डोके-मानेच्या प्रगत कर्करोगात तिथल्या डॉक्टरांनी त्याच वर्गातलं निवोलुमॅब दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलीग्रॅम दिलं. नेहमीचा डोस दोन आठवड्यांनी २४० मिलीग्रॅमचा असतो. जोडीला तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्या, त्यात ईजीएफआर रोखणारं एर्लोटिनिबही होतं. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षभर जगले १६.३ टक्के, निवोलुमॅब जोडलं तेव्हा ४३.४ टक्के. हा अभ्यास तोंड-घशाच्या कर्करोगाचा, त्वचेचा नव्हे. पण पेशी त्याच स्क्वेमस जातीच्या आहेत.

कमरेच्या कर्करोगावर अशी चाचणी करायची तर रुग्ण हवेत, आणि ते विखुरलेले आहेत. मेणातला ब्लॉक मात्र वर्षानुवर्षं टिकतो आणि त्यातून पुढे कधीही डीएनए काढता येतो. बायोप्सीच्या फॉर्मवर ‘त्वचा, कुशीवरील जखम’ एवढंच लिहिलं तर तो कपाटातल्या हजारो ब्लॉकांत मिसळून जातो. ‘नाडीच्या रेषेवर, लुगडं, चाळीस वर्षं’ असे शब्द जोडले, तर ॲक्ट्रेकमधला एखादा संशोधक तो दहा वर्षांनीही शोधून काढू शकेल.