तापणारा रोधक आणि भ्रष्ट स्मृती : जुन्या पिनबॉल यंत्रातील दोषनिदान

विद्युत्-यंत्राच्या दुरुस्तीत जो भाग जळालेला दिसतो तोच दोषी, असे मानण्याकडे मनाचा स्वाभाविक कल असतो. हा कल किती फसवा ठरू शकतो, याचे बोधप्रद उदाहरण पिनबॉल ह्या खेळाच्या जुन्या यंत्रांत मिळते. शिकागोच्या विल्यम्स ह्या उत्पादकाने १९७७ पासून आपली यंत्रे रिलेंच्या ऐवजी मायक्रोप्रोसेसरवर चालविण्यास आरंभ केला; १९८० मधील ‘फायरपॉवर’ हे त्या पिढीतील एक प्रसिद्ध यंत्र होय. अशी यंत्रे आज दुरुस्तीस येतात तेव्हा दोन प्रकारचे बिघाड त्यांत आढळतात : स्मृतिचिपांतील दोष आणि दिव्यांच्या चालकफलकावरील काळवंडलेले रोधक. वरवर पाहता ह्या दोहोंचा परस्परांशी संबंध नाही. वस्तुतः पुष्कळदा दुसरा हा पहिल्याचा परिणाम असतो.

ह्या यंत्रांत खेळाच्या फळीवरील दिवे आठ स्तंभ व आठ ओळी अशा जाळीत जोडलेले असतात. त्यामुळे ६४ दिव्यांचे नियंत्रण अवघ्या १६ तारांनी साधते. प्रोसेसर एका वेळी एकच स्तंभ चालू करतो व आठही स्तंभांवरून अतिशय वेगाने फिरत राहतो. म्हणजे प्रत्येक स्तंभास एकूण काळाचा आठवा हिस्सा मिळतो. दिवे सुमारे ६.३ व्होल्टचे असूनही जाळीस सुमारे १८ व्होल्ट का पुरवितात, याचे उत्तर येथेच आहे. उष्णता विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात उत्पन्न होते. १८ चा वर्ग ३२४. त्याचा अष्टमांश ४०.५, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे ६.४. दिव्याला जाणवणारा परिणामी दाब तो हाच.

हाच हिशेब चालकफलकावरील २७ ओहमच्या, २ वॅट क्षमतेच्या रोधकांनाही लागू पडतो. समजा, फिरते चक्र चालू असता एका रोधकात सरासरी सव्वा वॅट उष्णता निर्माण होते. चक्र थांबून तोच स्तंभ अखंड चालू राहिला, तर ही उष्णता आठपट, म्हणजे १० वॅट होईल. दोन वॅटचा रोधक ती सहन करू शकत नाही. तो काळवंडतो आणि त्याखालचा फलकही करपवितो.

आता चक्र थांबते कशाने, हा प्रश्न उरतो. प्रोसेसर व चालकफलक यांच्यामधील ६८२१ जातीची जोडणी-चिप आपल्याला मिळालेली शेवटची आज्ञा धरून ठेवते. आज्ञावली भरकटली तर नवी आज्ञा येत नाही, आणि जो स्तंभ त्या क्षणी चालू असेल तो चालूच राहतो. आज्ञावली भरकटण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे ६८१० ही स्मृतिचिप. तीत आठ बिटांच्या १२८ जागा असतात. उपकार्य संपल्यावर कोठे परतावयाचे, तो पत्ता प्रोसेसर अशाच स्मृतीत लिहून ठेवतो. त्यातील एक बिट जरी चुकीचे वाचले गेले, तरी प्रोसेसर भलत्याच ठिकाणी परततो. ५१०१ ह्या दुसऱ्या चिपेचे कार्य निराळे आहे. चार बिटांच्या २५६ जागांत ती यंत्राची मांडणी व हिशेब जपते आणि वीज बंद असता तीन लहान घटांवर जगते. घट संपल्यास केवळ हा मजकूर नाहीसा होतो. परंतु घट पाझरल्यास त्यातील क्षारक द्रव फलकावरील तांब्याच्या रेषा व खोबण्यांचे स्पर्श कुरतडतो, आणि मग शेजारच्या निर्दोष चिपाही सदोष भासू लागतात.

म्हणून निदानाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम सॉलेनॉइडांचा फ्यूज काढावा, कारण भरकटलेली आज्ञावली त्यांनाही अखंड चालू ठेवू शकते. त्यानंतर प्रोसेसरचा ५ व्होल्टचा पुरवठा मोजावा. तो अपुरा असल्यास स्मृतीची परीक्षा व्यर्थ होय. मग जोडणी-चिपेच्या स्तंभ-तारांवर ऑसिलोस्कोप लावून पाहावे. तेथे स्पंद नियमित असूनही रोधक तापत असेल, तर पुढील चालक ट्रान्झिस्टर आतून जुळून गेला असण्याचा संभव अधिक. स्पंदच नसतील, तर दोष मागे, प्रोसेसर, स्मृती अथवा त्यांच्या खोबण्या यांत शोधावा. फलकावर दोन ६८१० चिपा खोबणीत बसविलेल्या असल्यास त्यांची अदलाबदल करून पाहावी. दोष चिपेबरोबर सरकला तर चिप सदोष, जागीच राहिला तर खोबण किंवा तिच्याकडे जाणारी रेषा सदोष.

रोधक बदलणे ही शेवटची पायरी होय. नवा रोधक फलकापासून किंचित उंच बसवावा, म्हणजे त्याभोवती हवा खेळती राहते. करपलेला भागही खरवडून काढावा, कारण कोळसा स्वतः विद्युत् वाहतो. ही पायरी प्रथम उरकल्यास नवा रोधकही त्याच मार्गाने जातो. जळालेला भाग दोषाचा साक्षीदार असतो. त्यालाच आरोपी ठरवून तपास थांबविणे योग्य नव्हे.